अमानत आणि कूटचलन

महसूल खात्यात चौतीस वर्षे कारकुनी करून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले माझे एक स्नेही, ज्यांनी सातबाराच्या उताऱ्यावरील एका चुकलेल्या आद्याक्षरासाठी पक्षकाराला तीन वेळा माघारी पाठवले असेल आणि ज्यांनी तोंडी शब्दावर फेरफाराची एकही नोंद कधी पुढे सरकू दिली नाही, त्यांनी आपल्या भविष्यनिर्वाह निधीतील साडेसहा लाख रुपये एका संध्याकाळी, कोणताही दस्तऐवज न मागता, बिटकॉइनच्या एका योजनेत गुंतवले. योजना घेऊन आलेला तरुण परका नव्हता. त्यांच्या पत्नीचा सख्खा भाचा होता. "आतोबा, माझे स्वतःचे पैसे आहेत त्यात," असे तो म्हणाला आणि ते खरेही होते. त्यानंतर वर्षभराच्या आत योजना बंद पडली, तिचे संकेतस्थळ नाहीसे झाले आणि दोन घरांतले जाणे-येणे थांबले. योजना कोणती होती हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण नाव बदलून हीच कथा महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत घडलेली आहे.

या विषयावर आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते: बिटकॉइनसारखे कूटचलन हे खरोखर चलन आहे की जुगार आहे, आणि सरकारने त्यावर बंदी घालावी की त्याला मुभा द्यावी. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, परंतु माझ्या स्नेह्यांच्या नुकसानीचे कारण त्यांपैकी एकाच्याही उत्तरात सापडत नाही. बिटकॉइन जुगार ठरला असता तरी त्यांचे पैसे गेले असते आणि सोन्याइतका अस्सल ठरला असता तरी गेले असते. किंबहुना ज्या काळात त्यांचे पैसे बुडाले त्याच काळानंतर बिटकॉइनचा भाव अनेक पटींनी वाढला. त्यांचे नुकसान झाले ते आपली वस्तू दुसऱ्याच्या हाती सोपवली आणि त्या हातावर कसलेच बंधन नव्हते, म्हणून. आपल्या जुन्या व्यवहारात यासाठी एक नेमका शब्द होता: अमानत. विश्वासाने सोपवलेली, जशीच्या तशी परत करण्याची वस्तू. कूटचलनाच्या नीतीचा आणि नियमनाचा विचार मी या एका शब्दाच्या अंगाने करणार आहे.

आधी वस्तू समजून घेऊ. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने एक नऊ पानी टिपण प्रसिद्ध झाले आणि ३ जानेवारी २००९ रोजी त्याबरहुकूम नोंदवहीचे पहिले पान लिहिले गेले. कल्पना अशी की, समजा एखाद्या गावची फेरफार नोंदवही एकट्या तलाठ्याच्या दप्तरात न ठेवता तिची हुबेहूब प्रत हजारो चावड्यांत ठेवली, प्रत्येक नवी नोंद सर्व चावड्यांनी पडताळून मगच रुजू केली, आणि प्रत्येक पानावर मागच्या पानाची अशी मोहोर उमटवली की जुने एक अक्षर खोडायचे तर पुढची सारी पाने सर्व चावड्यांत नव्याने लिहावी लागतील, तर कोणा एका अधिकाऱ्याला लाच देऊन नोंद फिरवता येणार नाही. हीच ब्लॉकचेन. नवी पाने पडताळून जोडण्याच्या खटाटोपाबद्दल जे नवे बिटकॉइन मिळतात, ते मिळवण्याला मायनिंग म्हणतात. एकूण बिटकॉइन २ कोटी १० लाखांच्या पलीकडे कधीच जाऊ नयेत असे मूळ रचनेतच बांधून दिलेले आहे. ज्याच्याजवळ खासगी चावी, म्हणजे एक लांबलचक गुप्त संख्या, तो मालक. ही रचना बुद्धीला थक्क करणारी आहे, आणि तिच्याबद्दलचा आदर मी राखून ठेवतो. मात्र ती रक्षण करते ते नोंदीचे; माणसाचे नव्हे. चावी चोरीला गेली, फसवून घेतली गेली किंवा हरवली, तर नोंदवही चोरालाच मालक म्हणून निर्विकारपणे रुजू करते, आणि तिच्याविरुद्ध अपील करण्यासाठी प्रांताधिकारी नाही.

राजाच्या शिक्क्यावाचून नाणे चालणे ही गोष्ट आपल्याला वाटते तितकी अपूर्व नाही. पेशवाईत टांकसाळी चालवण्याची सनद सरकारात रक्कम भरून खासगी मंडळींना मिळत असे, एकाच पेठेत अनेक प्रकारचे रुपये चालत आणि कोणता रुपया किती कसाचा हे सराफ पारखून बट्टा कापून सांगत असे. त्या व्यवस्थेत लबाडी भरपूर होती. परंतु सराफाची पेढी पेठेत होती, त्याचे नाव-गाव ठाऊक होते, आणि खोटे नाणे माथी मारल्याची फिर्याद घेऊन कोठे जायचे हे सामान्य माणसाला माहीत होते. आजच्या कूटचलनाच्या बाजारात पेढी आहे, बट्टाही आहे. फिर्यादीचा दरवाजा मात्र शोधावा लागतो.

तो किती शोधावा लागतो हे समजण्यासाठी पुण्याच्या गेनबिटकॉइन प्रकरणाइतके बोलके उदाहरण देशात दुसरे नाही. २०१५च्या सुमारास सुरू झालेल्या या योजनेचे आश्वासन असे होते की, आपण आपले बिटकॉइन कंपनीला द्यावेत, कंपनी त्यांतून मायनिंग करील आणि दिलेल्या बिटकॉइनच्या दहा टक्के इतके बिटकॉइन दरमहा, असे अठरा महिने परत देईल. म्हणजे दहा दिले तर अठरा मिळणार. यातली असंभाव्यता पाहण्यासाठी अर्थशास्त्र लागत नाही, बिटकॉइनची मूळ रचना पुरते: पान जोडणाऱ्याला मिळणारे बक्षीस साधारणपणे दर चार वर्षांनी निम्मे होते, आणि जुलै २०१६ मध्ये, ही योजना भरात असतानाच, ते २५ बिटकॉइनवरून साडेबारावर आले. ज्या वस्तूची पैदास ठरलेल्या वेळी आटत जाणार हे साऱ्या जगाला आधीपासून ठाऊक आहे, तिची दीडपटीहून अधिक परतफेड हजारो लोकांना नियमाने कशी मिळावी? ती मिळाली तोवर नव्या येणाऱ्यांच्या बिटकॉइनमधून मिळाली, असा तपास यंत्रणांचा आरोप आहे. आणि येणाऱ्यांचा ओघ आटल्यावर कंपनीने बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचे स्वतःचेच एक नाणे हाती ठेवले, ज्याची किंमत नगण्य होती. मुख्य आरोपी अमित भारद्वाज याला २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये खटल्याचा निकाल लागण्याआधीच त्याचा मृत्यू झाला. अंमलबजावणी संचालनालयाने गोळा झालेल्या बिटकॉइनची किंमत २०१७ मधील भावाने सुमारे ६,६०० कोटी रुपये सांगितली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निरनिराळ्या राज्यांतील फिर्यादी केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवल्या, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या विभागाने देशभर साठांहून अधिक ठिकाणी झडत्या घेतल्या. पहिल्या अटकेपासून तोवर जवळजवळ सात वर्षे झाली होती.

या प्रकरणाचा एक पोटभाग असा आहे की त्याच्यावर थोडे थांबलेच पाहिजे. २०१८च्या तपासात आरोपींची वॉलेट, म्हणजे चाव्या राखणाऱ्या डिजिटल थैल्या, उघडण्यासाठी लागणारे तांत्रिक ज्ञान पोलिसांजवळ नव्हते, म्हणून त्यांनी बाहेरच्या दोन तज्ज्ञांचे साहाय्य घेतले. त्यांतील एक भारतीय पोलीस सेवेतील माजी अधिकारी. मार्च २०२२ मध्ये पुण्याच्या सायबर पोलिसांनी त्या दोघांनाच अटक केली. तपासासाठी हाती आलेल्या वॉलेटमधील कूटचलन त्यांनी स्वतःकडे वळवले, असा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. न्यायनिर्णय न्यायालय करील. परंतु अशा आरोपाला जागाच कशी राहिली, हे पाहावे. दरोड्यात जप्त झालेले सोने पंचांसमक्ष तोलले जाते, त्याचा पंचनामा होतो, ते मोहोरबंद होऊन मुद्देमाल म्हणून कोठीत जाते. ही पद्धत बसवायला आपल्या फौजदारी कारभाराला शंभरांहून अधिक वर्षे लागली. ज्या मुद्देमालाला वजन नाही, जो नुसती एक संख्या पाहून घेणाऱ्याच्या मालकीचा होऊ शकतो, त्याचा पंचनामा कसा करावा याची रीत २०१८ मध्ये बसलेली नव्हती. ठेवीदारांची अमानत कंपनीकडे सुरक्षित नव्हती. सरकारच्या ताब्यात आल्यावरही ती सुरक्षित होती की नाही, हा स्वतंत्र खटल्याचा विषय झाला.

आता गुंतवणूकदाराच्या नीतीविषयी. कूटचलन विकत घेणे हे मूलतः अनैतिक आहे असे मला वाटत नाही. आपल्या मिळकतीतील जो भाग गेला तरी घराचा संसार डळमळणार नाही तो भाग एखाद्याने धोका पूर्ण जाणून त्यात घातला, तर तो त्याचा विवेक; बिटकॉइनच्या पडताळणीत खर्ची पडणाऱ्या प्रचंड विजेचा विचार त्याने करावा एवढेच मी म्हणेन, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या दुसऱ्या कूटचलनाने पडताळणीची पद्धत बदलून हा वीजखर्च जवळजवळ संपवला, यावरून तो टाळता येतो हेही दिसले आहे. खरा नैतिक प्रश्न दुसऱ्याला त्यात आणण्यापाशी सुरू होतो. साखळी योजनांचे भांडवल बिटकॉइन नसते. आत्या, आतोबा, सोसायटीतले शेजारी, शाळेतले सहकारी, भिशीतल्या बायका यांचा एकमेकांवरचा विश्वास हे त्यांचे भांडवल असते, आणि ते फुकट मिळते. माझ्या स्नेह्यांच्या भाच्याला त्यांच्या साडेसहा लाखांवर दलाली मिळाली होती, आणि ती त्याने सांगितली नव्हती. त्याने खोटे काहीच सांगितले नाही; त्याचे स्वतःचे पैसे खरोखरच त्यात होते आणि ते खरोखरच बुडाले. पण ज्या क्षणी त्याने दलाली घेतली त्या क्षणी तो भाचा राहिला नव्हता, विक्रेता झाला होता, आणि समोरचा माणूस मात्र भाच्याशीच बोलत होता. हे न सांगणे मी फसवणूकच समजतो, मग कायद्याच्या पुस्तकात त्याला कोणतेही कलम लागो.

सरकारच्या वाटचालीकडे वळले की बारा वर्षांचा दोलायमान इतिहास समोर येतो. रिझर्व्ह बँकेने पहिला सावधगिरीचा इशारा डिसेंबर २०१३ मध्ये दिला. ६ एप्रिल २०१८च्या परिपत्रकाने तिने बँकांना कूटचलनाच्या व्यापाऱ्यांशी व्यवहार करण्यास मनाई केली. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते परिपत्रक रद्द केले. रिझर्व्ह बँकेला या विषयात अधिकार नाही असे न्यायालय म्हणाले नाही, उलट अधिकार मान्य केला, परंतु तिच्या देखरेखीखालील संस्थांना या व्यापाराने काही हानी पोचल्याचे दाखवता आले नसताना इतका जालीम उपाय योजणे प्रमाणाला सोडून आहे, असा निर्णय दिला. मधल्या काळात सुभाषचंद्र गर्ग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने संपूर्ण बंदीची शिफारस करून दहा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद असलेल्या विधेयकाचा मसुदाही सादर केला होता. ते विधेयक संसदेत आले नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयातच, या व्यवहाराची तुलना हवाल्याशी करून, सरकारने स्पष्ट धोरण का आखले नाही, अशी विचारणा झाली.

धोरण नव्हते, तरी कर होता. १ फेब्रुवारी २०२२च्या अर्थसंकल्पाने 'आभासी डिजिटल मालमत्ता' अशी संज्ञा कायद्यात आणून तिच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर बसवला, आणि १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेवरील प्रत्येक विक्रीच्या रकमेतून १ टक्का कर उगमस्थानी कापण्याचा नियम केला. खरेदीच्या किमतीखेरीज कोणताही खर्च वजा होत नाही, आणि एका नाण्यातील तोटा दुसऱ्या नाण्यातील नफ्यातून वळता करता येत नाही. म्हणजे एखाद्याला एका नाण्यात लाखाचा फायदा आणि दुसऱ्यात लाखाचाच तोटा झाला, तर त्याच्या पदरात शून्य पडूनही तीस हजार रुपये आणि वर उपकर त्याने भरायचा. लॉटरीच्या बक्षिसावरील कराचा दरही हाच आहे. कर बसवला म्हणजे वैधता दिली असे नव्हे, हे अर्थमंत्र्यांनी तेव्हा स्पष्ट केले होते, आणि कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे; करपात्र उत्पन्न आणि वैध व्यवहार या दोन गोष्टी आपला आयकर कायदा आधीपासून वेगळ्या मानतो. मार्च २०२३ मध्ये कूटचलनाचे व्यापारी मनी लॉन्डरिंग प्रतिबंधक कायद्याखाली आले, ग्राहकांची ओळख पटवणे आणि संशयास्पद व्यवहार कळवणे त्यांना बंधनकारक झाले. हेही योग्यच. मात्र या दोन्ही पावलांत रक्षण आहे ते तिजोरीचे आणि राज्याच्या सुरक्षिततेचे. ज्या व्यवहारातून सरकार महसूल घेते, त्या व्यवहारातील रयतेच्या ठेवीवर पहारा ठेवण्याची जबाबदारीही त्या महसुलाबरोबर येते, असे माझे ठाम मत आहे; आणि तीच जबाबदारी अद्याप कोणत्याही खात्याच्या दप्तरात नोंदलेली नाही. जाहिरात मानक परिषदेने एप्रिल २०२२ पासून प्रत्येक जाहिरातीत, हे व्यवहार अनियंत्रित असून नुकसान झाल्यास नियामकाकडे दाद मागता येणार नाही, अशा आशयाची सूचना छापायला लावली. त्या सूचनेतला शब्द न् शब्द खरा आहे, हीच दुःखाची गोष्ट.

शेअर बाजाराने ठेवीवर पहारा ठेवण्याचा हा धडा मोठी किंमत मोजून घेतला. १९९२च्या रोखे घोटाळ्याच्या वर्षीच सेबीला वैधानिक अधिकार मिळाले, आणि १९९६ मध्ये डिपॉझिटरी कायदा होऊन शेअर दलालाच्या कपाटातून निघून गुंतवणूकदाराच्या नावाने स्वतंत्र संस्थेत राहू लागले. दलाल वेगळा, बाजार वेगळा, ठेव सांभाळणारा वेगळा. बँकेतील ठेवीवर आज पाच लाखांपर्यंत विम्याचे छत्र आहे. कूटचलनाच्या एक्स्चेंजमध्ये मात्र दलाल, बाजार आणि कोठी तिन्ही एकाच मालकाकडे असतात. मुंबईहून कारभार चालणाऱ्या वझीरएक्सच्या एका वॉलेटमधून १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३ कोटी डॉलरची, म्हणजे जवळजवळ दोन हजार कोटी रुपयांची नाणी चोरीस गेली. अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया या देशांनी पुढे संयुक्त निवेदनात त्याचा ठपका उत्तर कोरियावर ठेवला. ग्राहकांचे पैसे काढणे बंद झाले, कंपनीचा मालक कोण याविषयी तिचे संस्थापक आणि बायनान्स हे परदेशी एक्स्चेंज यांच्यात २०२२ पासूनच जाहीर वाद चालू होता, आणि येथील ग्राहकांच्या पैशांचा तोडगा ठरवण्याची कार्यवाही सिंगापूरच्या उच्च न्यायालयात चालली. या अंधारात एक किरण ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयातून आला: त्याच एक्स्चेंजच्या एका ग्राहकाच्या अर्जावर न्यायालयाने कूटचलन ही मालमत्ता आहे आणि ती विश्वस्त म्हणून दुसऱ्यासाठी धारण करता येते, असे म्हटले. अमानत हा शब्द निर्णयात नसेल. कल्पना तीच आहे.

ही कल्पना कायद्यात उतरवता येते, याचा दाखला जपानने दिला आहे. टोकियोतील माउंट गॉक्स हे एक्स्चेंज २०१४ मध्ये लक्षावधी बिटकॉइनच्या तुटीने कोसळल्यावर त्या देशाने बंदी घातली नाही. २०१७ पासून एक्स्चेंजना नोंदणी सक्तीची केली, ग्राहकांची मालमत्ता कंपनीच्या मालमत्तेपासून वेगळी ठेवायला लावली, आणि पुन्हा एक मोठी चोरी झाल्यावर नियम आणखी आवळून बहुतेक सारी नाणी महाजालापासून तोडलेल्या वॉलेटमध्ये ठेवण्याचे बंधन घातले. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे बलाढ्य परदेशी एक्स्चेंज ग्राहकांचे अब्जावधी डॉलर गिळून बुडाले, तेव्हा जगभरचे ग्राहक दिवाळखोरीच्या न्यायालयात रांगेत उभे राहिले. त्याच्या जपानी शाखेच्या ग्राहकांना मात्र फेब्रुवारी २०२३ पासून आपली ठेव काढता येऊ लागली. बंदीने हे साधले नसते. चावी कपाटात नाही, डोक्यात किंवा परदेशी संगणकात असते. बंदी आली तर व्यवहार परदेशी संकेतस्थळांवर जाईल, आणि ज्याला फिर्याद करायची त्याला आधी स्वतःचा गुन्हा कबूल करावा लागेल.

उरतो तो परतफेडीचा प्रश्न, आणि तो मला सर्वांत बिकट वाटतो. ज्याने काही हजार रुपयांना एक अशा भावाने घेतलेले बिटकॉइन सोपवले, आणि ज्याच्या त्या बिटकॉइनचा भाव आज लाखोंच्या घरात आहे, त्याला परत काय द्यायचे: त्या दिवशीचे रुपये की आजचे बिटकॉइन? एफटीएक्सच्या दिवाळखोरीत दावे अर्ज दाखल झालेल्या दिवसाच्या, म्हणजे बाजार तळाजवळ असतानाच्या भावाने धरले गेले, आणि नंतर भाव चढल्यावर ठेवीदारांनी त्यावर तीव्र हरकत घेतली. सोन्याचा दागिना ठेवणाऱ्याला आपण दागिनाच परत देतो, तो ठेवला त्या दिवशीचे पैसे देत नाही. उलट, सर्वांची नाणी परत करण्याइतकी नाणीच जागेवर नसतील तर एकाला पूर्ण आणि दुसऱ्याला काहीच नाही, असे होईल.

माझ्या स्नेह्यांनी अखेर पोलिसांकडे अर्ज द्यायचे ठरवले. भाच्याचे नाव घालायचे नाही असे पत्नीने निक्षून सांगितले होते, आणि नाव न घालता पैसे कोणाच्या सांगण्यावरून दिले हे लिहिता येत नव्हते. त्यात दोन रविवार गेले. शेवटी एक दिवस भाचाच घरी आला, आतोबांच्या शेजारी बसला, आणि आपले नाव आपल्या हाताने अर्जात लिहून त्याने दलालीचा आकडाही त्यापुढे टाकला. दाव्याच्या रकमेचा रकाना आला तेव्हा तिघेही थांबले. स्नेह्यांनी मला फोन करून विचारले, रुपये लिहू की बिटकॉइन? मला सांगता आले नाही. मग त्यांनी जुन्या सवयीप्रमाणे फूटपट्टी लावून त्या रकान्यात एक आडवी रेघ मारली, रेघेवर साडेसहा लाख रुपये लिहिले, आणि रेघेखाली, आठ दशांश स्थळांपर्यंत, बिटकॉइन.